फुलदाणीतलं चौथं फूल

१

दुपारी दोनला हॉलचं दार उघडलं आणि सव्वादोनच्या आत डॉक्टर पद्माकर नेने यांनी सोळा वर्षांच्या मैत्रीचे तुकडे केले. तेही एका फुलावरून. फूल कुणी चोरलं नव्हतं, कुणी कुस्करलंही नव्हतं. उलट एक फूल जास्त झालं होतं.

सुप्रभाताई त्या वेळी भाज्यांच्या टेबलापाशी उभ्या होत्या. धाकट्या भावाकडे, पद्माकरकडे, इंग्लंडला येऊन त्यांना महिना झाला होता, आणि मेडनहेडजवळच्या या खेड्यात बागकाम क्लबचं वार्षिक प्रदर्शन म्हणजे काय प्रकार असतो ते त्या डोळे भरून बघत होत्या. माना दोऱ्याने बांधून वाळूत बसवलेले पाच कांदे, एकाच मापाचे. काळ्या कापडावर ओळीने निजवलेल्या घेवड्याच्या नऊ शेंगा. मंडईत कुणी असा माल मांडला तर गिऱ्हाईक हात लावायला घाबरेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि तेवढ्यात मागून पद्माकरचा आवाज चढला. हा आवाज चढू शकतो हे त्यांना आजवर माहीतच नव्हतं.

"आर्थर, हे तूच केलंयस! दुसऱ्या कुणाला काय पडलंय?"

सगळा हॉल गप्प झाला. इंग्लिश माणसं गप्प होतात तेव्हा चहाच्या किटल्यासुद्धा दबक्या आवाजात उकळतात.

डेलियाच्या टेबलावर हिरव्या फुलदाणीत चार शेंदरी फुलं उभी होती. एकेक फूल बशीएवढं. समोर पद्माकरचं कार्ड, आणि त्यावर परीक्षकाने लाल शाईत लिहिलेली तीन अक्षरं, एन. ए. एस. म्हणजे नॉट अॅज शेड्यूल, म्हणजे नियमाप्रमाणे नाही, म्हणजे स्पर्धेतून बाद. नियम छापील पुस्तिकेत स्वच्छ होता: डेलिया, एकाच जातीची तीन फुलं, एक फुलदाणी. पद्माकरने सकाळी तीनच ठेवली होती. चौथं आलं कुठून?

शेजारच्या पिवळ्या डेलियांवर पहिल्या बक्षिसाचं कार्ड होतं. ती फुलं आर्थर पिलबीमची.

आर्थर म्हणजे पद्माकरचा शेजारी. रेल्वेतला निवृत्त सिग्नलमन, वय सत्तर, अंगाने काटकुळा. पद्माकर एका सुटकेसनिशी या गावात आला तेव्हा डेलियाचे कंद हिवाळ्यात वाळूत कसे निजवायचे ते त्याला शिकवलं ते याच माणसाने. दोघांच्या बागांमध्ये कुंपण होतं, पण कुंपणाला फाटक होतं, आणि त्या फाटकाला सोळा वर्षांत कडी लागली नव्हती. गेल्या वर्षी आर्थरची बायको मेव्हिस गेली ती पद्माकरच्याच वॉर्डात, पद्माकरचा हात धरून.

"मी तुझ्या फुलांना हात लावला नाही, डॉक," आर्थर म्हणाला. बस, एवढंच. टोपी हातात घेऊन तो उभा राहिला.

"मी रायटिंगमध्ये कम्प्लेंट देतोय," पद्माकर म्हणाला.

तक्रार द्यायची मुदत साडेतीनपर्यंत होती. एकदा कागद सेक्रेटरीच्या हातात पडला की कमिटी बसणार, आणि आर्थरचं नाव लबाड म्हणून क्लबच्या वहीत चढणार. आर्थरने टोपी डोक्यावर घातली.

"त्याची गरज नाही. मी संध्याकाळी क्लबचा राजीनामा देतो," तो म्हणाला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

सुप्रभाताईंनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून वीस मिनिटं.

२

सुप्रभाताईंनी पुण्यात एकतीस वर्षं एका परीक्षा मंडळात नोकरी केली होती, आणि त्यातली बावीस कॉप्यांच्या चौकशी विभागात. समोर बसलेलं पोर रडतंय ते भीतीने की पश्चात्तापाने, हे त्या रुमाल कसा धरलाय त्यावरून सांगत. निवृत्त होताना साहेबांनी शाल घालून भाषण केलं होतं की बाईंनी हजारो लबाड पकडले. बाईंना ते मुळीच पटलं नव्हतं. हजारांत लबाड शे-दोनशे. बाकीच्यांना कुणी ना कुणी मायेने बुडवलेलं. खिडकीतून चिठ्ठी टाकणारी आई, डब्यातल्या पोळीखाली सूत्रं दडवणारी आजी. माया आणि नियम यांची कधी गाठच पडत नाही, असं त्यांचं मत होतं.

"पदू, तो कागद खिशात ठेव," त्या म्हणाल्या. "साडेतीनला द्यायचाय ना? मग साडेतीनला दे."

"ताई, यात इन्व्हेस्टिगेट करण्यासारखं काय आहे? हा डेलिया मी स्वतः सीडपासून वाढवलाय. जगात दोनच गार्डन्समध्ये आहे. एक माझी, आणि दुसरी, मी मूर्खासारखा कंद गिफ्ट दिला म्हणून, त्याची."

"सकाळी काय काय झालं ते सांग. पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे सात वाजता, आणि सातची हकिगत ताईंना ठाऊकच होती. स्वयंपाकघरात उल्का, पद्माकरची बायको, थालिपिठं लावत होती. एरवी शनिवारी ती स्लाऊच्या एका लॅबमध्ये कामाला जायची. नणंद आली म्हणून या वर्षी पहिल्यांदाच तिने प्रदर्शनाची सुट्टी घेतली होती. टेबलाशी मिल्का बसली होती, उल्काची लंडनची मैत्रीण. मूळची अलिबागकडची बेने इस्रायल ज्यू, चाळीस वर्षं नर्स. शनिवार पाळणं तिने ड्यूटीच्या धबडग्यात केव्हाच सोडून दिलं होतं. "तुझ्या सवतीचं आज काय?" ती उल्काला चिडवत होती. सवत म्हणजे डेलिया. उल्का हसून म्हणाली, "नटवून ठेवलीय बादलीत. माझ्याकडे बघायला वेळ नाही, तिला मात्र दिवसातून दोनदा पाणी." पद्माकर वर्तमानपत्राच्या मागे होता. ताईंची दोन थालिपिठं संपत आली तशी उल्काने तिसरं आणलं, त्याचा कोपरा मोडून बाजूला ठेवला आणि वर लोणी घातलं. मग बाकीचे हॉलवर गेले. ताईंचे गुडघे दुखत होते म्हणून त्या घरीच थांबून दुपारी येणार होत्या.

"पावणेनऊला मी तीन फुलं लावली," पद्माकर सांगू लागला. "दोन स्पेअर होती, ती बादलीत, टेबलाखाली. मग हॉस्पिटलचा पेजर वाजला, मी कार घेऊन पळालो. दहाला दार बंद करतात, मग फक्त जज आत. मी आलो ते थेट दोनला."

"आता बादलीत किती आहेत?"

पद्माकरने टेबलावरची चादर उचलून वाकून पाहिलं. तो सावकाश उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा गोंधळलेला होता.

"एक," तो म्हणाला.

३

म्हणजे चौथं फूल कुणाच्या बागेतून आलं नव्हतं. ते पद्माकरच्याच बादलीतलं होतं, आणि आर्थरकडे तो डेलिया असण्याचा मुद्दाच निकालात निघाला. पद्माकरला हे पटलं नाही. बादली तर आर्थरलाही दिसली असणार, दरवर्षीप्रमाणे दारावरची राखण त्याचीच होती, असं म्हणून तो खिशातला कागद चाचपत राहिला.

ताईंनी चष्मा पुसला आणि फुलदाणीकडे शांतपणे बघितलं. मग बादलीत उरलेलं फूल बघितलं. त्याच्या दोन पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडल्या होत्या. म्हणजे ज्याने कुणी फूल उचललं त्याने दोन्ही पारखून चांगलं ते उचललं होतं. ते नुसतं खुपसलेलंही नव्हतं. बाकीची तीन जरा सरकवून, चारींची तोंडं पुढे येतील असं बसवलं होतं. ताईंनी मनात एक खूण केली आणि सेक्रेटरी बाईंकडे मोर्चा वळवला.

डेलियाच्या पहिल्या बक्षिसाबरोबर एक कप मिळायचा, तो मिसेस विटलॉक यांच्या सासऱ्यांच्या नावाचा. हातात क्लिपबोर्ड, गळ्यात मोत्यांची माळ. हा कप आजवर गावाबाहेरच्या माणसाने नेलेला नाही, असं त्या कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगत. पद्माकर सोळा वर्षं गावात राहूनही त्यांच्या हिशेबी बाहेरचाच होता.

"फार वाईट झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटत असावं. "परीक्षक हळहळले हो. म्हणाले, तीन असती तर सबंध हॉलमध्ये याच्या तोडीचं काही नव्हतं."

"दहाच्या आधी डेलियाच्या टेबलापाशी कोण कोण होतं?"

"मी दोनदा गेले, कार्डं ठेवायला. तुमच्या त्या नर्स मैत्रीण गेल्या, स्वयंपाकघरातून बाहेर येऊन फुलं बघत होत्या. डॉक्टरांच्या मिसेस होत्या. फार टापटिपीची बाई. टेबलावर पाणी सांडलं होतं, ते आपल्या रुमालाने पुसून पावणेदहाला घरी चालत गेल्या." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि आर्थर. खरं तर मला बोलायचं नव्हतं. पण दहाला पाच कमी असताना तो दार सोडून धावत सुटला, कोपऱ्यावरच्या फोनबॉक्सकडे. वीस वर्षांत त्याने कधी जागा सोडली नाही. परत आला तो घामाने डबडबलेला. मी विचारलं तर म्हणाला, काही नाही."

"हे तुम्ही कमिटीला सांगणार?"

"तक्रार आली तर सांगावंच लागेल."

ताई आभार मानून वळल्या. काट्याचा नायटा होतो तो असा. त्यांनी आर्थरच्या बाकाकडे खिडकीतून पाहिलं. बाक रिकामा होता.

४

हॉलच्या स्वयंपाकघरात मिल्का स्कोनच्या गोल पावांवर जॅम लावत होती. "बसा सुप्रभाताई. आर्थर? तो मागे गाडीतळाकडे गेला वाटतं. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालंय." तिने एका बशीत तीन स्कोन ठेवले आणि ताईंपुढे सरकवले. "खाऊन घ्या. रागाने डोकं चालत नाही, आणि उपाशीपोटी तर मुळीच नाही."

"तू सकाळी फुलं बघायला गेली होतीस म्हणे?"

"गेले की. तीन फुलं होती तेव्हा. छान वाटली. माझ्या लग्नात माझ्या डोक्यात माळलं होतं त्या रंगाचं काहीतरी." मिल्का हसली. "मी कशाला हात लावू बाई? मला बागेतलं इतकंच कळतं की हिरवं असतं ते जिवंत."

एवढ्यात उल्का कपबशांचा ट्रे घेऊन आली. तिचे डोळे लाल होते. ट्रे ठेवला, ताईंच्या बशीकडे तिची नजर गेली, आणि नकळत तिने ताटातला एक अर्धा स्कोन उचलून त्या तिन्हींच्या शेजारी ठेवला. मग ती नळाकडे वळली.

सुप्रभाताईंनी खायला उचललेला हात तसाच खाली आणला. सकाळचं थालिपीठ त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. कोपरा मोडलेलं. त्यांच्या आईनेही जन्मभर तसंच वाढलं होतं, आणि त्यांनी स्वतःही. म्हणून तर दिसलं नव्हतं. रोजचं कुणाला दिसतं?

"मिल्का, पाच मिनिटं जरा बाहेर बस," त्या म्हणाल्या. मिल्काने दोघींकडे पाहिलं आणि काही न विचारता गेली.

"उल्का, इकडे ये. मी बोलते, तू नुसती ऐक. ज्याला बिघडवायचं असतं तो पाकळी मोडतो, देठ चिमटतो. चांगलं फूल पारखून, नीट बसवून कोण जाईल? म्हणजे ज्याने केलं त्याला पदूचं भलंच करायचं होतं. पण क्लबचा कुठलाही मेंबर तीनच्या जागी चार ठेवणार नाही. त्यांना नियम तोंडपाठ. म्हणजे तो माणूस मेंबर नाही. आर्थर सुटला, विटलॉकबाई सुटल्या. उरल्या तुम्ही दोघी. मिल्काने आत्ता मला तीन स्कोन वाढले, आणि तिच्या काही मनातही आलं नाही. तू अर्धा घातलास."

उल्काने पदर नव्हता म्हणून एप्रनच तोंडाला लावला.

"मला खरंच माहीत नव्हतं हो ताई. मला वाटलं तीन म्हणजे अॅटलीस्ट तीन. तीन वर्षं झाली, तीन फुलं लावतात आणि सेकंड येतात. यंदा पहिल्यांदा मी सकाळी हॉलमध्ये आले, स्वतः बघितलं. तीन तिघाडा, काम बिघाडा. आई म्हणायच्या तसं. बादलीत एक सुंदर फूल होतंच. म्हटलं, एक घातलं तर काय बिघडणार आहे?" ती रडता रडता हसली आणि परत रडली. "त्यांच्या कलीग्जसमोर मी असल्या गोष्टींची टिंगल करते. लॅबमध्ये काम करणारी बाई मी. दोनला ते कार्ड बघितलं आणि बोलणार, तोवर ते आर्थरवर ओरडले. मग माझी जीभच उचलेना. आता आर्थर क्लब सोडणार, आणि ते मला कधी फरगिव्ह करणार नाहीत."

"ते नंतर बघू. आधी मला सांग, आर्थरने तुला पाहिलं होतं?"

"नाही! तो तर लांब दारावर होता."

ताईंना तसं वाटत नव्हतं. घड्याळात तीन वाजून सतरा मिनिटं झाली होती.

५

गाडीतळाच्या भिंतीशी आर्थर पाइप न पेटवता तोंडात धरून उभा होता. सुप्रभाताईंनी पद्माकरला दंडाला धरून तिथे आणलं होतं. उल्का मागे.

"मिस्टर पिलबीम," ताई त्यांच्या परीक्षा मंडळाच्या इंग्रजीत म्हणाल्या, "माझ्या नोकरीत एक गोष्ट शिकले. ज्याला काही ठाऊक नसतं तो आधी म्हणतो, मला माहीत नाही. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, मी हात लावला नाही. म्हणजे हात कुणी लावला ते तुम्हाला माहीत आहे."

आर्थर पाइपकडे बघत राहिला.

"दहाला पाच कमी असताना तुम्ही फोन करायला धावलात. त्याच वेळी पदूच्या घरचा फोन वाजत होता. मी आंघोळीला बसले होते. खूप वेळ वाजला, मी बाहेर येईतो थांबला. ज्याने डाव केला तो त्याच घरी फोन करून कशाला सांगेल? तुम्ही उल्का घरी पोचली असेल या आशेने फोन केलात. ती अजून वाटेत होती."

"आर्थर?" पद्माकर म्हणाला.

तेव्हा उल्का पुढे झाली आणि सगळं सांगून टाकलं. मराठीत सुरू केलं, इंग्रजीत संपवलं, मध्ये दोन्हींची खिचडी. पद्माकर ऐकत राहिला. त्याच्या हातातला कागद आधी खाली गेला आणि मग त्याची घडी चुरगळली.

"तू बघितलं होतंस," तो आर्थरला म्हणाला. "मग तू स्वतः ते फूल काढायचंस!"

"दुसऱ्याच्या फुलदाणीला हात लावता येत नाही, डॉक. तेही त्याच वर्गात माझी फुलं असताना. मालकाने किंवा त्याच्या घरच्याने काढायचं. मी तिच्यापर्यंत पोचेतो ती मागच्या दाराने हॉलच्या फाटकाबाहेर गेली होती, आणि हाका मारत सुटलो असतो तर सगळ्या गावाला कळलं असतं. म्हणून फोन."

"पण दोन वाजता? मी तुला सगळ्यांपुढे लबाड म्हटलं. तू गप्प का राहिलास?"

आर्थरने टोपी काढली, आत काही लिहिलंय का असं बघितली आणि परत घातली.

"ती तिथेच उभी होती ना. मी बोललो असतो तर तिची फजिती झाली असती. आणि ते फूल काय आहे ते मला दिसताक्षणी कळलं होतं." तो उल्काकडे बघून ओशाळल्यासारखा हसला. "सोळा वर्षं मी दर रविवारी तुमच्याकडे जेवतो. या बाईने मला कुठलीही गोष्ट कधी तीन वाढली नाही. चपात्या घे, ते तेलात तळलेले गोल घे. दोन, नाहीतर चार. तिसरी दिलीच तर कोपरा मोडून. मेव्हिसने एकदा विचारलं होतं, तेव्हा ही लाजली आणि म्हणाली, तुमचं वाईट होऊ नये म्हणून. मग मेव्हिसही मला कधी तीन बिस्किटं देईना. जी बाई माझ्या ताटात तीन ठेवत नाही, ती तुझ्या फुलदाणीत ठेवेल होय, डॉक? मला वाटलं तुला हे माहीत असेल."

पद्माकरला माहीत नव्हतं. सतरा वर्षांच्या संसारात तो रोज वर्तमानपत्राच्या मागे बसून जेवला होता. त्याला एकदम फार लाज वाटली. त्याने कागद फाडला. तेवढंच करायचं सुचलं.

"आय अॅम सॉरी, आर्थर," तो शेवटी म्हणाला. "आत येऊन सगळ्यांसमोर सांगतो."

"काही सांगू नकोस. तिचं नाव निघेल."

"माझंच नाव सांगेन. चुकून मीच चार लावली, आणि उगाच तुझ्यावर ओरडलो." त्याने डोळे पुसले. "गावाला पटेल. त्यांना मी विसराळूच वाटतो."

हॉलमध्ये त्याने ते खणखणीत आवाजात सांगितलं. मिसेस विटलॉक यांनी "अरे अरे" म्हणत क्लिपबोर्डवर काहीतरी खोडलं, आणि तुमचं डोकं हॉस्पिटलात असतं हो डॉक्टर, असं वर म्हणाल्या. कप आर्थरला मिळाला. तो त्याने त्या दिवशी घरी नेलाच नाही, फाटकातून नेनेंच्या स्वयंपाकघरात आणून ओट्यावर ठेवला. आता यात काय घालणार, असं मिल्काने विचारलं तेव्हा उल्काने ती चार शेंदरी फुलं आणून त्यात उभी केली.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. गरम थालिपिठं येत होती. पद्माकरच्या ताटातली दोन संपली, आणि उल्का तिसरं घेऊन आली. आज वर्तमानपत्र घडी घालून खुर्चीवर होतं. त्याने तिचा हात बघितला, बोटं कोपरा मोडताना बघितली, आणि तो तुकडा तिने बाजूला ठेवायच्या आत स्वतःच उचलून तिच्या ताटात ठेवला.

"बघा, यांना आज दिसलं," उल्का ताईंना म्हणाली, आणि पुढचं थालिपीठ उलटायला गडबडीने गॅसकडे गेली.